रखमाअक्काला दिसलेली फट

अक्का,

तू गेलीस त्याला तेरा दिवस झाले. लिहायला बसलो तर सगळ्यात आधी आपलं भांडणच आठवलं. मी म्हणायचो, घोडा ट्रेलरला जोडताना ड्रायव्हरचा कान तयार पाहिजे. तू म्हणायचीस, कान ठेव घरी, खाली वाकून बघ. इतकी वर्षं भांडलो, निकाल काही लागला नाही. म्हणजे लागला होता. पण मी तो कुणाला सांगितला नाही, आणि तूही नाही. आज तेच लिहायचं आहे.

हे तुझी नात, मंगलाची पोरगी, तुझ्या फोटोपुढे वाचून दाखवणार आहे. तिला कळावं म्हणून थोडं सांगतो, तू कंटाळू नकोस. आमच्या धंद्यात ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला घोडा म्हणतात. घोड्याच्या पाठीवर लोखंडाची एक जाडजूड थाळी असते, ग्रीस लावून काळी केलेली. ट्रेलरच्या पुढच्या अंगाला, खालून, मनगटाएवढी एक पिन लोंबत असते. घोडा हळूहळू मागे घ्यायचा, थाळी ट्रेलरच्या पोटाखाली सरकते, पिन थाळीच्या खाचेतून आत जाते आणि तिथला जबडा पिनेला धरतो. खट्ट असा आवाज येतो. मग पुढे ती पिन आणि तो जबडा, एवढ्याच्या जिवावर सगळं ओझं धुळ्याहून जळगावला, नागपूरला, कुठेही जातं.

त्या खट्ट आवाजावर माझा फार जीव होता. आणि तुझा त्या आवाजावर काडीचा विश्वास नव्हता.

तुझी टपरी आमच्या यार्डाच्या फाटकाला लागून. बाकीचे चहावाले उभे राहून चहा करतात, तू पाटावर बसून करायचीस. गुडघे दुखायला लागल्यावरही तो पाट सोडला नाहीस. पाटावर बसलं की तुझे डोळे बरोबर गाड्यांच्या चेसिसच्या रेषेत यायचे. आम्ही ड्रायव्हर वर केबिनमध्ये, आरशात बघणारे. खालचं सगळं रोज बघायला तू एकटी. यार्डात दिवसाला चार-पाच घोडे जोडले-सोडले जायचे. तू आयुष्यात कधी सायकलसुद्धा चालवली नाहीस, पण किती जोडण्या तुझ्या डोळ्यांखालून गेल्या असतील, कोण सांगणार?

एक सवाल तू प्रत्येकाला करायचीस. चहाचा कप पुढे करता करता, जसं दुसरं कुणी साखर चालेल का विचारेल तसं: "खाले वाकीसन देखं का?"

बहुतेक जण "हो अक्का" म्हणायचे. मीही म्हणायचो. अर्ध्या वेळा खोटं.

मी तेव्हा नवा नव्हतो. साक्रीकडच्या खेड्यातून आलो, आधी ट्रक चालवला, मग घोड्यावर बसलो. आमच्या वाड्यातला ट्रेलरवर बसलेला मी पहिला. गावी गेलो की लहानमोठे सगळे विचारायचे, किती चाकं रे सुदाम तुझ्या गाडीला? ती घमेंड अंगात होती. पाटावर बसलेल्या चहावालीने मला गाडी जोडायला शिकवावी, हे कसं चालेल?

मग तो बॉयलरचा दिवस आला.

जळगावच्या एका तेलमिलचा बॉयलर. गुजरातकडून दुसऱ्या एका ड्रायव्हरने आणला, संध्याकाळी आपल्या यार्डात ट्रेलर सोडला आणि घोडा घेऊन परत गेला. ट्रेलर सोडताना पुढचे दोन लोखंडी पाय हँडलने फिरवून खाली टेकवतात, त्या पायांवर तो उभा राहतो. त्याचा घोडा उंच होता, म्हणून त्याने ट्रेलर उंच उभा केला. माझा घोडा बुटका. थाळी लागण्याआधी उतरून उंची बघायला हवी होती. ट्रेलर जास्त उंच असला तर पिन खाचेत शिरत नाही, जबड्याच्या वरच चढून बसते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण सकाळचे सात वाजले होते, मिलमध्ये क्रेन भाड्याने आणून उभी होती, आणि आमचे यार्डाचे शेठ एसटीडी बूथवरून मिलला दोनदा फोन करून आले होते.

मी घोडा मागे घेतला. आवाज आला. खट्ट नव्हता अगदी, जरा बोदा होता, पण आवाज होता. मी उतरलो, हवेचे पाइप जोडले, दिव्याची वायर जोडली, हँडल फिरवून पाय वर घेतले, चाकांमागचे लाकडी ठोकळे काढले. सगळं केलं. फक्त वाकलो नाही.

केबिनमध्ये चढलो, गिअर टाकला, समोर बघतो तर तू.

हातात दुधाची पळी, पदर कमरेला खोचलेला, घोड्याच्या बरोबर नाकापुढे उभी. मी हॉर्न दिला. तू पळी हलवलीस. मी खिडकीतून ओरडलो, "अक्का, बाजूले व्हय! उशीर व्हई ऱ्हायना!"

"खाले उतर."

"अक्का, शेठ उभा शे तठे."

"ऱ्हाऊ दे. तू उतर."

"काय झालं पन?"

तेव्हा तू जे बोललीस ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "तुना गाडीमाईन माले सूर्य दिसी ऱ्हायना."

मला हसू आलं, आणि रागही आला. म्हटलं, गाडीतून सूर्य दिसतोय म्हणे, म्हातारीला चढलं काय सकाळी सकाळी? आणि फाटकाबाहेर काय होतं ते तुलाही माहीत होतं, मलाही. यार्डातून हायवेला लागायला उतार. उताराच्या तळाशी एसटीचा थांबा. सात वाजता तिथे कॉलेजची पोरं, दुधाच्या किटल्या घेतलेली माणसं, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया. रोजचीच गर्दी. मी रोज त्या उतारावर ब्रेक दाबायचो.

तुला खोटं पाडायचं म्हणून मी उतरलो. तू मला हाताला धरून टपरीशी नेलंस, पाटावर बसवलंस आणि हनुवटी धरून मान वळवलीस, न्हावी वळवतो तशी. "देख."

थाळी आणि ट्रेलरचं पोट यांच्यामध्ये उजेडाची एक पट्टी होती. दोन बोटं रुंद असेल. पलीकडून नुकतं वर आलेलं ऊन त्यातून सरळ माझ्या डोळ्यांत आलं. जोडणी नीट झाली की थाळी आणि ट्रेलर एकमेकांना असे चिकटतात की मधून कागद जाणार नाही. मी धावत जाऊन खाली शिरलो. पिन जबड्यात नव्हतीच. वर टेकून बसली होती, एखाद्या पाहुण्याने खुर्चीच्या हातावर बसावं तशी. एक ब्रेक, एक धक्का, आणि बॉयलर ट्रेलरसकट थाळीवरून सुटला असता. कुठे गेला असता ते उतारच सांगत होता.

मी खालून बाहेर आलो. तेवढ्यात शेठ आले. "का रे सुदाम, का थांबलास?"

अक्का, तू दोन हातांच्या अंतरावर उभी होतीस. आणि मी म्हणालो, "शेठ, खाली वाकून बघितलं तर पिन बसली नव्हती. परत जोडतो."

तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. दूध उतू जातंय का हे बघायला मान वळवतेस तशी वळवलीस आणि टपरीकडे गेलीस.

मग चौघांनी मिळून हँडल फिरवून ट्रेलरचे पाय परत टेकवले. चाकांना ठोकळे लावले, घोडा बाहेर काढला, ट्रेलर पाहिजे तेवढा खाली घेतला. पुन्हा घोडा मागे घेतला. या वेळी खट्ट झालं. मी वाकलो, फट नव्हती. टॉर्च घेऊन आत बघितलं, जबडा पिनेभोवती मिटलेला. कुलपाचं हँडल आत गेलेलं. मग गाडी हलक्या गिअरमध्ये पुढे ओढून बघितली, ट्रेलरने घोड्याला मागे धरून ठेवलं. तेव्हा कुठे ठोकळे काढले. निघताना तुझ्या टपरीवरून गाडी गेली, पण मला मान वळवून तुझ्याकडे बघवलं नाही.

खंडेनवमीला गाड्यांची पूजा झाल्यावर शेठनी मला सगळ्यांसमोर शाल आणि नारळ दिला. म्हणाले, "ड्रायव्हर असावा तर असा. खाली वाकून बघणारा." वर एक जबाबदारी टाकली: यापुढे यार्डात जो नवा ड्रायव्हर येईल त्याला जोडणी सुदाम शिकवणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तूही वाजवल्यास, अक्का, आणि जोरात. मी दुसऱ्या दिवशी शाल घेऊन तुझ्याकडे आलो. पूर्ण तयारी करून आलो होतो, काय बोलायचं ते रस्ताभर घोकत आलो होतो.

"अक्का, ही शाल..."

"बरी शे. दाखव." तू काठ चाचपून बघितलास, घडी घालून माझ्या हातात परत दिलीस. "तुनी मायले दे. तिले आनंद व्हई. आनि चहा पी, थंडा व्हई जाई."

संपलं. घोकलेलं सगळं चहाबरोबर गिळलं.

पण गंमत बघ. एकदा लोक एखाद्याला वाकून बघणारा म्हणायला लागले की त्याला वाकावंच लागतं. नव्या पोरांसमोर मी आवाजावर विसंबून गाडी काढली असती तर? त्या खोट्याने मला खरा ड्रायव्हर केलं. मी उंची आधी बघायला लागलो, ठोकळे शेवटी काढायला लागलो, पावसाच्या चिखलातही पाठीवर झोपून जबडा बघायला लागलो. आणि तरीही तुझ्यापुढे आलो की भांडायचो, "अक्का, कानाला समजतंच." तू म्हणायचीस, "समजस ना! मंग त्या रोज काय कानमा बोळा घालेल व्हता?" आणि मग दोघंही हसायचो. टपरीवरच्या बाकीच्यांना कळायचं नाही कोणत्या दिवसाची गोष्ट चाललीय.

रावेरची फेरी आठवते? मंगलाला तिथे सासरी मुलगी झाली होती, तुला बारशाला जायचं होतं. मी रिकामा ट्रेलर घेऊन जळगावला निघालो होतो, म्हटलं चल घोड्यावर. इतकी वर्षं गाड्यांच्या शेजारी काढून तू पहिल्यांदा केबिनमध्ये बसत होतीस. पारोळ्यापर्यंत एक शब्द बोलली नाहीस. मग म्हणालीस, "सुदाम, आठून तर काहीच दिसत नही रे! तुम्ही चलाडतस कसं?" मी एवढा हसलो की गाडी बाजूला घेऊन थांबवावी लागली.

जळगावला रिकामा ट्रेलर सोडून भरलेला जोडायचा होता. तो माल उद्याचा होता, पण जोडून ठेवून मग आपण एसटीने रावेरला जाणार होतो. मी घोडा मागे घेतला, आवाज आला, मी उतरतोय तोवर तू कधी उतरलीस आणि कधी ट्रेलरखाली शिरलीस कळलंच नाही. नवं कोरं पातळ नेसून! बाहेर आलीस तर खांद्यापासून कमरेपर्यंत ग्रीसचा काळा पट्टा. "बठनी बराबर," म्हणालीस, पिन बसली असा शेरा देणाऱ्या इन्स्पेक्टरसारखी.

ते पातळ नेसूनच तू बारशाला गेलीस. मंगलाच्या सासूने विचारलं, हे काय लागलं? तर तू पोळपाट उलटा घेतलास, त्यावर लाटणं उभं धरलंस आणि बायकांना पिन कशी बसते ते समजावून सांगायला लागलीस. पाळण्यातल्या पोरीपेक्षा तुझ्याभोवती बाया जास्त. "मी सांगस ना ड्रायव्हरासले," तू म्हणालीस, "वाकीसन देखा म्हणीसन. मन्हामुळे वाचेल शेतस काही जन."

मंगला लाजून लाल झाली. "माय, पुरे आते," म्हणाली, आणि सासूकडे बघून हसली. म्हणजे कसं, म्हातारी माणसं बोलतात, मनावर घेऊ नका. सासूही हसली. तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस, एकदाच. मी भरीत-भाकरीचं ताट घेऊन समोरच बसलो होतो. एक शब्द पुरला असता. मी काय केलं? मी आणखी भरीत मागितलं.

बॉयलरच्या दिवशी मी तुझं श्रेय घेतलं, त्याची लाज मला वाटायची. पण रावेरला मी तुला तुझ्या लेकीसमोर बढाईखोर ठरू दिलं. हे जास्त वाईट होतं, आणि ते मला फार उशिरा समजलं. तू परतीच्या एसटीत मला केळी सोलून देत होतीस.

आता दहाव्याची गोष्ट सांगतो. तुला आवडेल.

विधी झाल्यावर आम्ही सगळे ड्रायव्हर तुझ्या घरापुढच्या निंबाखाली सतरंजीवर बसलो होतो. अकरा जण. शेठही आले होते, काठी टेकत. मंगला आतबाहेर करत होती. शेठ तुझ्याबद्दल बोलले, चहाबद्दल बोलले, आणि मग नव्या पोरांकडे वळून म्हणाले, "या अक्काच्या टपरीसमोरच आपल्या सुदामने तो बॉयलर वाचवला होता."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभा राहिलो. का उभा राहिलो, बसूनही बोलता आलं असतं.

"शेठ, मी नाही वाचवला. मी वाकलोच नव्हतो. अक्काला पाटावरून फट दिसली, ती गाडीपुढे उभी राहिली. मी तुमच्याशी खोटं बोललो. शालसुद्धा खोटी घेतली."

शेठ काठीच्या मुठीकडे बघत बसले. मला वाटलं, आता उठून जावं.

तेवढ्यात बाबूभाई खाकरले. आमच्यातले सगळ्यात जुने, दाढी पांढरी झालेली. "सुदाम, बस खाली. माझं पण एक आहे." आणि त्यांनी सांगितलं. एकदा ते ट्रेलरचे पाय वर न घेताच निघाले होते. तू हाका मारल्यास, त्यांनी कॅसेट मोठ्याने लावलेली. मग तू बशी उचलून थेट केबिनच्या दारावर फेकलीस. "बशी फुटली, मी थांबलो. शेठना सांगितलं, मला आवाज आला म्हणून थांबलो."

"त्या बशीवरचा कप पुढे एकदा माझ्या गाडीला लागला होता," नामदेव मागून बोलला. "हवेचा पाइप जोडला नव्हता मी. ट्रेलरला ब्रेकच नव्हते!"

अक्का, मग जे सुरू झालं! एकेक जण मान खाली घालून सुरुवात करायचा आणि मध्यावर येईपर्यंत हसायला लागायचा. कुणाला तू पळी दाखवली होतीस, कुणाच्या चाकापुढे बाकडं टाकलं होतंस, एकाची तर किल्लीच काढून पदराला बांधली होतीस. अकरातले सात निघाले. सातही जणांनी तेव्हा "मीच बघितलं" असं सांगितलेलं. आणि तू एकाचं गुपित दुसऱ्याला कळू दिलं नव्हतंस. शेठ आधी कपाळाला हात लावून बसले, मग हसता हसता त्यांना ठसका लागला. "म्हणजे माझं यार्ड ती चहावाली चालवत होती?" दहाव्याला आलेले शेजारी वळून बघत होते, या माणसांना झालंय काय.

मग आमचं लक्ष मंगलाकडे गेलं. पाण्याचा तांब्या हातात घेऊन ती दारात उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. ती हसत नव्हती.

"म्हंजे माय खरंच सांगे?" तिने विचारलं.

कुणाला कळेना. ती म्हणाली, "घर आली की ती सांगे, आज मना एक ड्रायव्हर वाचना. मी म्हनू, कोन? तर नाव नही सांगे. माले वाटे, एकटी ऱ्हास बिचारी, मनानंच काही रची सांगस. मी हसू तिले. सासरनासमोर बी हसनू." तिचा आवाज फुटला. "बठ्ठं खरं व्हतं?"

"बठ्ठं," बाबूभाई म्हणाले. "सगळं खरं."

मी उठून तिच्या हातातला तांब्या घेतला. तिला सतरंजीवर आमच्यामध्ये बसवलं. रडता रडता तिला हसू यायला लागलं, थांबवता येईना. डोळे पुसून ती मला म्हणाली, "सुदामभाऊ, मी पहिलेपासून ऐकनं नही. सांगा. ती गाडीपुढे कशी उभी ऱ्हायनी, सांगा माले."

आणि मी सांगायला लागलो, अक्का. सकाळचे सात वाजले होते, तुझ्या हातात दुधाची पळी होती.